धार, गंज आणि झिलई
(द्वितीय वर्ष, कला)

छंद म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काही ठरावीक चित्रे उभी राहतात. कोणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कोणी जुनी नाणी, कोणी आगपेट्यांवरची चित्रे. हे छंद सभ्य समजले जातात. पण ‘इटलीतले जुने घडीचे चाकू जमवणे आणि दुरुस्त करणे या छंदाविषयी मी लिहिणार आहे’ असे मी वर्गात सांगितले, तेव्हा शेजारच्या मित्राने आपली वही उचलली आणि तो दोन बाके मागे जाऊन बसला! एका प्राध्यापकांनीही हसत विचारले, “अरे, वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला हे काय सुचले?” त्या हसण्याला उत्तर म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथमच कबूल करतो की माझ्याजवळ असा एकही चाकू नाही. माझे सारे ज्ञान वाचनातले. पण या छंदात एक प्रश्न दडलेला आहे आणि तो इटलीपुरता नाही. जुनी वस्तू हाती आली, तर तिला नवी करावी की जुनी राहू द्यावी? माझे मत असे की, ती दुरुस्त जरूर करावी. पण तिच्यावरची माणसाची खूण पुसण्याचा हक्क आपल्याला नाही.

इटलीत चाकू हा काही गुंडांच्या खिशात जन्मलेला नाही. त्याला गावे आहेत, घराणी आहेत. उत्तरेकडे फ्रिऊली प्रांतात मानियागो नावाचे गाव आहे. १४५३ साली तिथल्या सरदाराने पाण्याचा कालवा काढण्याची परवानगी मिळवली. त्या पाण्यावर गिरण्या आणि लोहारांचे घण चालू लागले आणि गावाला कायमचा धंदा मिळाला. आधी कुऱ्हाडी-कोयते, मग चाकू-कात्र्या. आज तिथल्या एका जुन्या कारखान्याच्या इमारतीत या कारागिरीचे संग्रहालय आहे आणि गावात पात्यांचा उद्योग अजून चालू आहे. तस्कनी प्रांतात फ्लॉरेन्सच्या उत्तरेला स्कार्पेरिया हे गाव आहे. तिथल्या चाकूवाल्यांच्या संघाचे लेखी नियम सोळाव्या शतकातले आहेत. दक्षिणेकडे मोलिझे प्रांतातले फ्रोझोलोने हे चाकू-कात्र्यांचेच गाव. आणि सार्डिनिया बेटावर पात्तादा. तिथल्या मेंढपाळांच्या चाकूला ‘रेझोल्झा’ म्हणतात. पाते पानाच्या आकाराचे आणि मूठ मेंढ्याच्या शिंगाची. ज्या जनावरामागे आयुष्य घालवायचे, त्याच्याच शिंगाची मूठ हातात घेऊन भाकरी-चीज कापायचे!

हे चाकू म्हणजे कष्टकऱ्याचे अवजार होते. द्राक्षवेलीची छाटणी, दोर कापणे, जनावराचे खूर साफ करणे, जेवण, साऱ्याला एकच चाकू. म्हणूनच तो घडीचा, खिशात मावणारा. १९०८ साली इटलीत टोकदार, लांब पात्याचे चाकू बाळगण्यावर कडक निर्बंध आले, तेव्हा या गावांच्या पोटावरच पाय आला. कारागिरांनी काय केले? पात्याचे टोकच छाटून टाकले! भोसकता येणार नाही, पण भाकरी कापता येईल असा चाकू बाजारात आला. अशी बोथट टोकाची जुनी पाती आज संग्राहकाच्या हाती येतात, तेव्हा त्याच्या तळहातावर कायद्याच्या इतिहासाचे एक पान असते.

आता माझ्या मित्राने वही उचलली त्या चाकूकडे वळू. बटण दाबताच खटकन उघडणारा, लांब निमुळत्या पात्याचा खटक्याचा चाकू हेही मानियागोचेच अपत्य. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिकांनी हे चाकू आठवण म्हणून घरी नेले, मागणी वाढली, गावात पैसा आला. पण तिकडच्या चित्रपटांनी आणि वृत्तपत्रांनी त्याला बिघडलेल्या पोरांचे हत्यार ठरवले आणि १९५८ मध्ये अमेरिकेने त्याच्या आंतरराज्य व्यापारावर बंदी घातली. पुढल्याच वर्षी इंग्लंडनेही तसाच कायदा केला. समुद्रापलीकडे दोन कायदे झाले आणि त्यांची झळ एका डोंगराळ गावातल्या भट्ट्यांना लागली.

याच सुमाराचा, १९५७ चा, ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ हा चित्रपट पुष्कळांना ठाऊक असेल. त्याच कथेवर बासू चटर्जींनी १९८६ मध्ये ‘एक रुका हुआ फैसला’ काढला. आरोपी मुलाचा चाकू इतका आगळा की तसा दुसरा असणेच शक्य नाही, असे सारे पंच धरून चालतात. तेवढ्यात एक पंच खिशातून हुबेहूब तसाच चाकू काढून टेबलावर ठेवतो. मला त्या प्रसंगाचा अर्थ असा वाटतो की, वस्तूकडे नीट न पाहता माणसाचा निवाडा करू नये. तेच उलटही खरे नाही काय? चार माणसांनी गैरवापर केला म्हणून वस्तूचा आणि ती घडवणाऱ्या गावाचा निवाडा तरी का करावा? आपल्याकडे रामपुरी चाकूचे हेच झाले. हिंदी चित्रपटातल्या खलनायकाने तो इतका मिरवला की रामपूरचा कारागीर कोणाला आठवेनासा झाला. २०२३ मध्ये त्या शहरात चौकात भलामोठा चाकू उभारण्यात आला. पण चाकू घडवणारे हात मात्र कमी होत गेले. स्मारक उभे राहावे आणि कारागीर बसावा, हा कसला न्याय?

आता दुरुस्तीविषयी. गंजलेला चाकू हाती आला की पहिला मोह होतो तो फिरत्या चाकावर धरून लखलखीत करण्याचा. जाणते संग्राहक हे पाप समजतात. ते आधी नुसते पाहतात. मग लाकडी काडीने सांध्यातला मळ काढतात, तेल सोडून एक दिवस वाट बघतात. तांबडा गंज हा पात्याचा शत्रू; तो तेल आणि अगदी बारीक पोलादी लोकरीने काढायचा. पण वर्षानुवर्षांच्या वापराने पात्यावर चढलेला करडा-काळा रंग मात्र तसाच ठेवायचा; तो पात्याचे राखणही करतो. शिंगाची मूठ वाळून तडकते, तिला कीडही लागते. तिची वेगळी निगा. काही जुन्या मुठी सेल्युलॉइडच्या असतात. हे सेल्युलॉइड म्हातारे झाले की त्यातून आम्लाची वाफ सुटते आणि शेजारचे पातेसुद्धा गंजू लागते. म्हणून तसा चाकू बाकीच्यांपासून दूर ठेवावा लागतो. आणि चाकावर घासले तर? पाते तापून त्याचे पाणी उतरते, कडा गोल होतात आणि मुख्य म्हणजे पात्याच्या बुडाशी ठोकलेला कारागिराचा शिक्का नाहीसा होतो. चाकू चमकतो, पण निनावी होतो.

हे सारे मला इतके का लागावे, ते सांगतो. माझे आजोबा मेंढरे राखत. पावसाळा सरला की कळप घेऊन त्यांची पायपीट सुरू होई. त्यांच्या बंडीच्या खिशात घडीचा एक चाकू असे. मेंढराच्या खुरात काटा रुतला, दोर कापायचा झाला, कांदा चिरायचा झाला, की तोच चाकू. धार लावून लावून त्याचे पाते निम्मे झिजले होते. गावच्या लोहाराने बुडाशी तीन ठिपक्यांची खूण ठोकली होती. कॉलेजात जुन्या वस्तूंचे प्रदर्शन भरले तेव्हा मी तो मागून आणला. काळवंडलेला चाकू मांडायला मला लाज वाटली. घरातून कॉलेजात येणारा पहिलाच मी; चार मुलांत आपली वस्तू गबाळी दिसू नये, एवढेच डोक्यात. बाजारात एकाकडून पॉलिश करून घेतला. आरशासारखा झाला! प्रदर्शनात दोघा-तिघांनी विचारलेसुद्धा, “नवा घेतलास काय?” सुट्टीत आजोबांच्या हातात दिला. त्यांना आता नीट दिसत नाही. त्यांनी अंगठा पात्याच्या बुडाशी फिरवला, पुन्हा फिरवला आणि म्हणाले, “पोरा, ह्यो माझा न्हवं.” मी कितीही सांगितले तरी त्यांना पटले नाही. तीन ठिपके गेले होते. तो लोहारही आज हयात नाही, म्हणजे पुन्हा ठोकायचे म्हटले तरी ठोकणार कोण?

त्यानंतर सार्डिनियातल्या मेंढपाळाच्या चाकूविषयी वाचले आणि दूरदेशीचा तो माणूस मला आपल्या भावकीतला वाटू लागला.

कोणी म्हणेल, हे श्रीमंतांचे चोचले. कारागीर उपाशी आणि संग्राहक पेटीला मखमल लावतो. या आक्षेपात तथ्य आहे. नुसती किंमत पाहून जमवणारे आहेत, दोन मोडके चाकू जोडून एक ‘जुना’ विकणारेही आहेत. पण खरा संग्राहक शिक्का वाचतो, गाव शोधतो, खटक्याची रचना पाहून काळ ठरवतो आणि ते टिपून ठेवतो. पुण्यात कवी अज्ञातवासी म्हणजे दिनकर केळकर यांनी अडकित्ते, दिवे, वज्र्या अशा घरगुती वस्तू आयुष्यभर जमवल्या आणि तो सारा संग्रह महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. ते संग्रहालय पाहणाऱ्याला अडकित्त्यामागचा निनावी कारागीर दिसल्याखेरीज राहत नाही. राजेरजवाड्यांच्या तलवारी जपायला पुष्कळजण आहेत. कांदा चिरणाऱ्या चाकूला कोण वाली?

इटलीत असा समज आहे की चाकू भेट मिळाला तर देणाऱ्याला एक नाणे द्यावे. नाहीतर मैत्री तुटते. मला हा समज फार आवडला. आपल्याला पूर्वजांकडून मिळालेल्या वस्तूंचेही असेच काही नाणे आपण देणे लागतो. ते नाणे म्हणजे त्यांची ओळख राखणे.

म्हणून माझी विनंती एवढीच. यंदा सुट्टीत घरी जाल तेव्हा माळ्यावरची विळी, कोयता, कातर, अडकित्ता खाली काढा. गंज पुसा, तेल द्या, कोणी घडवली ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा आणि वहीत लिहून ठेवा. पण झिलई देण्याची घाई करू नका. आजोबांचा चाकू मी आता रोज वापरतो. हळूहळू तो पुन्हा काळा पडतो आहे. तीन ठिपके मात्र परत येणार नाहीत.