इंजिनाला अंघोळ नको

मागच्या रमजान ईदच्या तोंडावर बोईसरहून कामावरून परतताना मी गाडी एका वॉशिंग सेंटरवर घातली. ईदच्या आदल्या आठवड्यात असते तशी रांग होती. धुणाऱ्या पोऱ्याने बॉनेट उघडले आणि विचारले, ‘इंजन भी मार दूँ?’ मी हो म्हणालो. त्याने आधी डिझेलचा फवारा मारला, मग प्रेशरच्या पाण्याचा. पाच मिनिटांत इंजिन शोरूममधल्यासारखे दिसू लागले आणि मी खूश होऊन पालघरला घरी आलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे अम्मीला मुंबईला डॉक्टरांकडे न्यायचे होते. पालघर-मनोर रस्त्यावर वाघोबा घाटाच्या चढाला गाडी मिसिंग करू लागली. चेक इंजिनचा पिवळा दिवा नुसता पेटला नव्हता, लुकलुकत होता, आणि तो लुकलुकत असताना गाडी ओढू नये एवढे मला माहीत होते. कडेला थांबलो. मनोरहून मेकॅनिक येईपर्यंत ऊन चढले. त्याने प्लगवरची कॉइल उपसली तेव्हा खालच्या खड्ड्यात पाणी साचलेले दिसले. हवा मारून ते काढले, पण एक कॉइल गेलीच. अम्मीची अपॉइंटमेंट हुकली आणि पुढची तीन आठवड्यांनी मिळाली. ती मला एक शब्द बोलली नाही, फक्त म्हणाली, ‘कुणाला दाखवायचं होतं रे बॉनेट उघडून?’

त्यानंतर मी इंजिन बाहेर धुवायला दिलेले नाही. घरीच साफ करतो. ‘घरी कशाला डोकं लावायचं, धोका असतो’ असे बरेच जण म्हणतात. माझे मत उलट आहे. धोका घरी करण्यात नाही, पाण्याच्या जोरात आहे. इंजिन पावसात भिजते हे खरे, पण खालून उडणारे शिंतोडे वेगळे आणि हातभर अंतरावरून सांध्यात घुसणारी धार वेगळी. वायरींच्या कनेक्टरला रबराची सील असते, ती शिंतोडे अडवते, धार अडवतेच असे नाही. अल्टरनेटरला तर हवेसाठी जाळीच असते.

आपल्या भागात बॉनेटखाली घाण लवकर साचते, हेही मान्य. चिंचणी-तारापूरकडची खारी हवा उघड्या लोखंडाला आणि बॅटरीच्या टर्मिनलला सोडत नाही. बोईसरमध्ये एमआयडीसीच्या ट्रकांची धूळ, त्यात बुलेट ट्रेन आणि द्रुतगती मार्गाच्या कामांची माती. पावसाळ्यात उंदीर उबेला येतात. त्यामुळे ‘हात लावू नका’ हा सल्लाही मला पटत नाही. वाळलेली पाने आणि ऑइलचा थर गरम भागाजवळ असणे बरे नाही, आणि त्या थराखाली नवी गळती कुठून सुरू झाली ते कळतही नाही.

मग करायचे कसे? सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना. इंजिन पूर्ण थंड हवे. गरम धातूवर गार पाणी पडणे वाईट, आणि हात भाजतो ते वेगळेच. चावी काढून खिशात, कारण रेडिएटरचा पंखा काही गाड्यांत आपोआप फिरू लागतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवायची, आणि शेवटी जोडताना तीच सर्वांत शेवटी. गाडीच्या पुस्तकात त्याबद्दल वेगळे काही सांगितले असेल तर ते पाळावे. अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, कॉइल आणि हवा आत घेणारे तोंड प्लास्टिकच्या पिशव्यांनी झाकायचे. काम झाल्यावर पिशव्या मोजून काढायच्या, एक आत राहिली तर आगीला निमंत्रण.

पहिले काम कोरडे. जुना रंगाचा ब्रश घेऊन धूळ झाडायची, पाने हाताने वेचायची. काचेखालच्या जाळीतली पाने नक्की काढा. तिथली पाणी जाण्याची भोके बुजली की पावसाचे पाणी गाडीच्या आत येते. माझ्या मते निम्म्याहून जास्त सफाई इथेच होते, आणि बहुतेक जण नेमकी हीच पायरी गाळतात. मग पाण्यात विरघळणारे डिग्रीझर, तेही थेट न फवारता फडक्यावर घेऊन. तेलकट जागी जुना टूथब्रश. त्यानंतर ओले पिळलेले फडके, मग कोरडे. पट्ट्याला कसलेही चमक आणणारे द्रव लावू नये, तो घसरतो. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरट-हिरवी भुकटी असेल तर हातमोजे घालून खाण्याच्या सोड्याचे पाणी ब्रशने लावावे, मात्र ते बॅटरीच्या झाकणांतून आत जाता कामा नये. शेवटी पिशव्या काढून, बॉनेट तासभर उघडे ठेवून मग गाडी सुरू करायची.

पेट्रोल, रॉकेल, डिझेल मात्र नको. पेट्रोलची वाफ ठिणगीची वाटच पाहत असते आणि डिझेलने रबराचे पाइप फुगतात. सीएनजी गाडीत वास आला तर फडके खाली ठेवून आधी मेकॅनिककडे. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतल्या केशरी केबलींना आपण हातच लावायचा नाही.

या सगळ्याला मला दीड लिटर पाणी लागते. प्रेषित (स.) एक मुद पाण्यात वुजू आणि एक साअ ते पाच मुद पाण्यात गुस्ल करीत, असे हदीसमध्ये आहे. मुदच्या मापाबद्दल उलेमांत थोडा मतभेद आहे, पण ते पाऊण लिटरच्या आसपास येते. म्हणजे माझ्या इंजिनाला दोन वुजूंचे पाणी. आपण पाकीविषयी इतके बोलतो, पण नळ उघडा टाकून वुजू करतो आणि ईदसाठी गाडीवर पिंपभर पाणी ओततो. याच जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. इस्राफ हा शब्द फक्त लग्नाच्या जेवणापुरता ठेवायचा का?

आणि ते पाणी जाते कुठे, हा प्रश्न मला अधिक छळतो. तारापूर औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी नवापूरजवळ समुद्रात सोडले जाते. त्याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषद 2016 साली राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली, कारण मासेमारांचे पोट त्या पाण्यावर आहे. आम्ही सगळे त्यांच्या बाजूने बोलतो, आणि बोललेच पाहिजे. माझ्या गाडीचे ऑइल आणि कारखान्याचे रसायन एका तराजूत घालणाऱ्यांतला मी नाही. तो युक्तिवाद कारखान्यांच्या सोयीचा आहे. पण वॉशिंग सेंटरवर माझ्या इंजिनाखालून निघालेला काळा ओघळ समोरच्या उघड्या गटारात गेला, तो मी उभा राहून पाहिला होता. गटाराचा नाला होतो आणि नाल्याची खाडी. रस्त्यावरची त्रासदायक वस्तू दूर करणे हा इमानचा भाग मानणाऱ्याने रस्त्यावर ऑइल सांडून पुढे जाणे मला लाजिरवाणे वाटले.

म्हणून आता गाडीखाली जुने पुठ्ठे पसरतो. तेलकट चिंध्या धुवून पुन्हा वापरत नाही, धुतल्या तर तेच ऑइल मोरीतून गटारात जाते. पुठ्ठे आणि चिंध्या पिशवीत बांधून ओळखीच्या गॅरेजमध्ये देतो. तिथे जुन्या ऑइलचे पिंप आणि तेलकट कचरा वेगळा ठेवतात. सगळी गॅरेजे ठेवत नाहीत, विचारून घ्यावे लागते.

यंदा ईदच्या चार दिवस आधी बॉनेट उघडले तर एअर फिल्टरच्या डब्यामागे कापसाचा गोळा. उंदराने अम्मीच्या जुन्या गोधडीचा कापूस तिथवर नेला होता. वायरींना अजून दात लागले नव्हते. अम्मीला बोलावून दाखवला तर म्हणाली, ‘अरे, ती गोधडी मी दोन महिने शोधतेय.’