‘उचला आणि पळवा’ हा उपचार नव्हे

पंगतीत कुणाच्या घशात घास अडकला, विहिरीतून पोर बाहेर काढले, दम्याच्या रुग्णाला मध्यरात्री धाप लागली, की आपल्याकडे एकच आरोळी उठते: ‘गाडी काढा!’ चौघे मिळून माणसाला उचलतात, रिक्षात घालतात आणि दवाखान्याकडे सुसाट निघतात. त्यामागचा कळवळा खरा असतो. पण श्वास पूर्ण थांबला की चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते, आणि तेवढ्यात गाडी बहुधा गल्लीच्या तोंडाशीही पोचलेली नसते. म्हणून माझे म्हणणे स्पष्ट आहे. श्वास थांबला असेल तर पहिला उपचार जागेवरच व्हायला हवा, तो जवळच्या माणसानेच करायला हवा, आणि तो प्रत्येकाला यायला हवा.

यावर चार आक्षेप नेहमी घेतले जातात. ते पोकळ नाहीत, म्हणून एकेक तपासू.

पहिला आक्षेप असा: हे डॉक्टरांचे काम, सामान्य माणसाने त्यात पडू नये. पण छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याची पद्धत कुणी जगापुढे आणली? बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या तिघांनी, १९६० मध्ये. त्यांतले विल्यम कौवेनहोवेन हे विद्युत अभियंता, गाय निकरबॉकर हेही अभियांत्रिकीतले. शल्यचिकित्सक एकटे जेम्स ज्यूड. त्या पद्धतीचे सारे महत्त्व यातच होते की छाती न उघडता, नुसत्या दोन हातांनी काम भागते. छातीच्या मधोमध तळहाताचा मनगटाकडचा भाग ठेवायचा, त्यावर दुसरा हात, कोपरे ताठ. मोठ्या माणसाची छाती पाच ते सहा सेंटिमीटर दबेल इतक्या जोराने, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायचे आणि दर वेळी ती पूर्ण वर येऊ द्यायची. येत असेल तर दर तीस दाबांनंतर तोंडाने दोन श्वास द्यायचे. यासाठी पदवी लागत नाही. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका डॉक्टरसह येते. तिला फोन लावणे हे पहिल्या क्षणाचे काम आहेच. पण ती घाट चढून किंवा शहरातल्या कोंडीतून येईपर्यंत रुग्णाजवळ डॉक्टर नसतो, आपणच असतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: अर्धवट ज्ञान घातक. एप्रिल २०२४ मध्ये नेवासे तालुक्यातल्या वाकडी गावात, शेणाने भरलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडले. ते काढायला एक जण उतरला तो वर आला नाही. त्याला वाचवायला दुसरा, मग तिसरा असे करत पाच जण गेले. कमरेला दोर बांधून उतरलेला तेवढा वाचला. यावरून कुणी म्हणेल की पाहा, मदतीला धावण्याचे फळ. पण या माणसांकडे धैर्याची कमी नव्हती. कमी होती ती एका माहितीची: शेण, मैला, कुजका पाला साठलेल्या खड्ड्यात विषारी वायू असतो, प्राणवायू संपलेला असतो, आणि आत उतरणाऱ्याची काही क्षणांतच शुद्ध हरपते. तिथला प्रथमोपचार म्हणजे न उतरणे, इतरांना अडवणे आणि श्वसनसंच घेतलेल्या अग्निशमन दलाला बोलावणे. ही शिकवण न मिळाल्याने जीव गेले, मिळाल्याने नव्हे.

शिवाय आपण शिकवले नाही म्हणून लोकांची डोकी रिकामी राहत नाहीत. तिथे आधीच काहीतरी भरलेले असते. बुडालेल्याला उलटे धरून गरगरा फिरवतात, पोट दाबून पाणी काढतात. बेशुद्धाच्या तोंडात पाणी ओततात, नाकाशी कांदा किंवा चप्पल धरतात. घास अडकलेल्याच्या घशात बोट घालून तो आणखी खाली ढकलतात. बुडालेल्याची निकड हवेची असते. पोट दाबले की उलटी होऊन ती फुप्फुसात जाण्याची भीती. म्हणून त्याला आधी तोंडाने श्वास द्यायचे, मग छाती दाबायची. या बाबतीत मोठी माणसेही चुकली आहेत. १९७४ मध्ये पोट दाबून अडकलेला घास काढण्याची पद्धत मांडणारे हेन्री हाइमलिक बुडालेल्यांसाठीही तीच सुचवत राहिले. पुनरुज्जीवनाच्या तज्ज्ञांनी ती नाकारली. तेव्हा निवड ज्ञान आणि अज्ञान यांत नाही, तपासलेल्या ज्ञानात आणि ऐकीव समजुतीत आहे.

तिसरा आक्षेप: इजा झाली तर? होऊ शकते. छाती दाबताना फासळी मोडते. पोटावर झटके दिल्याने आतल्या अवयवांना मार बसू शकतो, म्हणून घास निघाल्यावरही डॉक्टरांना दाखवावे. पण मोडलेली फासळी जुळते. श्वास बंद पडून मेलेला मेंदू जुळत नाही.

चौथा आक्षेप पोलिसांच्या भीतीचा: उद्या आपल्याच गळ्यात पडले तर? एखाद्याच्या भल्यासाठी, सद्भावनेने, त्याची संमती घेणे शक्य नसताना केलेल्या कृतीला जुन्या दंड संहितेच्या कलम ९२ ने संरक्षण दिले होते, तेच आज भारतीय न्याय संहितेच्या कलम ३० मध्ये आहे. रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला तर सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये आणि मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने स्वतंत्र कवच दिले आहे. कायदा मदत करणाऱ्याच्या बाजूने उभा आहे, आणि हे पोलीस ठाण्याबाहेरच्या फलकावरही लिहिले जावे.

आक्षेप झाले. आता शिकायचे काय ते सांगतो, आणि त्यातले निम्मे काम ओळखण्याचे आहे.

घास अडकलेला माणूस जोरात खोकत असेल, तर हवा जात-येत आहे. त्याला खोकू द्या, पाणी पाजू नका. जो एकाएकी गप्प झाला, ज्याचे हात गळ्याकडे गेले, ज्याच्या तोंडून शब्द फुटत नाही, तो खरा संकटात. त्याला पुढे वाकवून खांद्यांच्या दोन पात्यांमध्ये तळहाताने पाच जोरदार थापा मारा. नाही निघाले तर मागून मिठी घालून, बेंबीच्या वर मूठ ठेवून आत आणि वर असे पाच झटके द्या. मग पुन्हा थापा. गरोदर बाईला झटके पोटावर नकोत, छातीवर द्यावेत. शुद्ध हरपली तर खाली निजवून छाती दाबायला लागा.

वर्षाच्या आतल्या बाळाचे तंत्र वेगळे, आणि हे प्रत्येक आजीला यायला हवे. घरात शेंगदाणे, फुटाणे, सीताफळाच्या बिया पडलेल्या असतात; रांगते मूल दिसेल ते तोंडात घालते. त्याला आपल्या बाहूवर पालथे घ्यायचे, डोके धडापेक्षा खाली, हनुवटी आपल्या बोटांच्या आधारावर, बाहू मांडीवर टेकवलेला. पाठीवर पाच थापा. मग उताणे करून छातीच्या मधोमध पाच दाब. पोट दाबायचे नाही. दिसत नसलेली वस्तू बोटाने शोधायची नाही. जोवर वस्तू निघत नाही किंवा बाळ रडत नाही, तोवर हेच आळीपाळीने.

दमेकऱ्याला आडवे करू नका, बसते ठेवा. एका दमात वाक्य पुरे करता येत नसेल, फासळ्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर पडले असतील, तर अटॅक गंभीर आहे. १०८ ला फोन करा आणि साल्ब्युटामॉलचा निळा पंप द्या. ‘पंपाची सवय लागते’ हा समज या घडीला जीव घेतो. त्याच साल्ब्युटामॉलच्या चार मिलिग्रॅमच्या गोळीत जेवढे औषध असते, तेवढे पंपाच्या चाळीस फवाऱ्यांत मिळून असते, कारण पंपाचे औषध थेट फुप्फुसात जाते. पंपाला स्पेसरची नळी लावून एकेक करत चार फवारे द्या, चार मिनिटांनी फरक नसेल तर पुन्हा. निळ्या पंपाची वारंवार गरज लागणे म्हणजे मूळ उपचार बदलायला हवा. त्यासाठी डॉक्टर आहेतच.

सर्वांत फसवे लक्षण म्हणजे आचके. निपचित पडलेला माणूस थांबून थांबून तोंड उघडतो, घोगरा आवाज येतो, आणि लोक म्हणतात, ‘श्वास चालू आहे.’ तो श्वास नव्हे. हाक मारून, खांदे हलवून प्रतिसाद नाही आणि दहा सेकंदांत नीट श्वास दिसत नाही, तर हृदय थांबले आहे असे धरून छाती दाबायला लागा.

पळवणे योग्य असते अशीही वेळ येते. मण्यार चावल्याचे अनेकदा दुखतही नाही. पण पापण्या जड होणे, गिळता न येणे, जीभ अडखळणे ही श्वासाचे स्नायू लुळे पडू लागल्याची आगाऊ खूण आहे. तिथे मांत्रिकाकडे मिनिटही न घालवता प्रतिविष असलेले रुग्णालय गाठावे. मात्र वाटेत श्वास थांबला, तर तोंडाने तो देत राहायला गाडीत कुणीतरी शिकलेला हवा.

हे शिकवून फरक पडतो का? डेन्मार्कने २००५ मध्ये प्राथमिक शाळांत आणि २००६ मध्ये वाहन परवान्यासाठी हे प्रशिक्षण सक्तीचे केले. तिथे रुग्णालयाबाहेर हृदय थांबलेल्यांपैकी ज्यांची छाती जवळच्या माणसाने दाबली, त्यांचे प्रमाण २००१ मध्ये सुमारे २१ टक्के होते, २०१० मध्ये ४५ टक्क्यांजवळ गेले. महिनाभराने जिवंत असलेले ३.५ वरून १०.८ टक्क्यांवर आले. इतरही सुधारणा झाल्या होत्या, पण शिकलेल्या हातांचा वाटा त्यात मोठा आहे.

आपल्याकडे दहावीच्या मुलाला फुप्फुसाची आकृती काढता येते, थांबलेला श्वास सुरू करता येत नाही. ही उणीव भरायला मोठा निधी लागत नाही: एक सरावाचा पुतळा, एक शिकवणारा, एक दुपार. ती दुपार शाळेने वर्षातून दोनदा द्यावी, एसटीच्या चालक-वाहकांना आणि मंगल कार्यालयाच्या वाढप्यांना द्यावी, वाहन परवान्याच्या अटीत घालावी. सरकार करील तेव्हा करील. तोवर पुढच्या ग्रामसभेत आणि सोसायटीच्या पुढच्या बैठकीत हा विषय मांडायला कुणाचीच परवानगी लागत नाही. तिथे तो आपणच मांडावा.