सांडपाण्याचा पंप आणि नगरपरिषदेची तिजोरी

नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि तेथून आंभोऱ्याजवळ वैनगंगेत येते. १९८८ मध्ये कोनशिला बसलेल्या गोसीखुर्द धरणाच्या जलाशयात ही घाण साचून राहते, ही भंडारा जिल्ह्याची जुनी तक्रार आहे व ती रास्तही आहे. परंतु भंडारा, पवनी, तुमसर या नगरांचे स्वतःचे सांडपाणीही शुद्ध झालेच पाहिजे. दुसऱ्याकडे बोट दाखविल्याने ही जबाबदारी टळत नाही.

सांडपाणी उताराने नदीकाठच्या सखल भागात जमते. शुद्धीकरण केंद्र मात्र पूररेषेच्या वर असावे लागते. ऑगस्ट १९२० नव्हे, अगदी ऑगस्ट २०२० अखेरच्या महापुराने भंडाऱ्याला हा धडा दिलाच आहे. म्हणजे पाणी पंपाने उचलणे आले आणि रोजचे वीजबिलही आले. हे बिल थकले, तर कोट्यवधींचे केंद्र शोभेची वास्तू ठरते आणि मैला पुन्हा नदीचाच रस्ता धरतो.

येथे थोडे गणित केले पाहिजे. रोज १ कोटी लिटर पाणी १० मीटर उंच चढविण्यास, पंप व मोटर मिळून ७० टक्के कार्यक्षम असल्यास, सुमारे ३९० युनिट वीज लागते. कार्यक्षमता ४० टक्क्यांवर घसरली, तर त्याच कामास सुमारे ६८० युनिट लागतात. वर्षाचा फरक १ लाख युनिटांहून अधिक होतो. नळातील घर्षणाचा भार याहून निराळा.

हा अपव्यय केवळ अज्ञानातून होत नाही. त्याचे मूळ अर्थव्यवहारात आहे. यंत्रसामग्रीचा पैसा बहुधा शासकीय अनुदानातून येतो, वीजबिल मात्र नगरपरिषदेला भरावे लागते. खरेदी करणाऱ्याला बिलाची झळ नसते. म्हणून सर्वांत कमी किमतीची निविदा स्वीकारली जाते. वस्तुतः सतत चालणाऱ्या पंपाच्या आयुष्यभराच्या खर्चात खरेदीची किंमत हा लहानसा भाग असतो.

उपाय दुर्मिळ नाहीत. निविदेत किमतीबरोबरच पुढील १५ वर्षांच्या विजेचाही हिशेब मागावा. नळ अरुंद घेऊन आरंभीची बचत साधू नये. चिंध्या व प्लॅस्टिक अडविणाऱ्या जाळ्या रोज साफ व्हाव्यात. प्रवाहानुसार वेग बदलणारी यंत्रणा, जेथे घर्षणाचा वाटा मोठा आहे तेथे, अवश्य बसवावी. प्रत्येक पंपास स्वतंत्र मीटर असावा आणि दर हजार लिटरमागे किती वीज लागली, हा आकडा दरमहा नगरपरिषदेच्या सभेपुढे यावा.

ऊर्जा संवर्धन कायदा २००१ मध्ये झाला. त्याचा आशय नगरपरिषदेच्या निविदेपर्यंत पोहोचला नाही, तर बचत भाषणांतच राहील आणि तिची किंमत वैनगंगेला मोजावी लागेल.