उपहासाची रसिकता

एखादी कलाकृति वाईट आहे म्हणूनच ती आपणांस आवडते, असें मोठ्या ऐटीनें सांगणारा एक रसिकवर्ग आज सर्वत्र आढळतो. भडकपणा, कृत्रिमता व अतिरेक यांची मौज लुटण्याच्या या अभिरुचीस पाश्चात्य टीकाकार ‘कँप’ म्हणतात. अमेरिकन लेखिका सुसान सॉंटॅग हिनें १९६४ सालीं तिचें मार्मिक विवेचन केलें. पण तें विवेचन मागें पडून आतां केवळ शिक्का उरला आहे. चित्रकथांवरून निघालेल्या, १९६० नंतरच्या दशकांतील चोरी-साहसाच्या चित्रपटांवर तर तो डोळे मिटून मारला जातो. आमचें म्हणणें असें कीं, या हंसण्यांत रसिकतेपेक्षां आळसच अधिक आहे.

मारिओ बाव्हा या इटालियन दिग्दर्शकाचा १९६८ मधील ‘डेंजर: डायाबोलिक’ हा चित्रपटच पाहा. अंजेला व लुचियाना ज्युसानी या भगिनींनीं १९६२ सालीं मिलान येथें मूळ चित्रकथा सुरू केली. आगगाडीनें ये-जा करणाऱ्या वाचकाच्या खिशांत मावेल एवढें तिचें पुस्तक, आणि आंतील चित्रें निव्वळ काळ्या शाईचीं. म्हणजे पडद्यावरील रंगांचा तो जल्लोष बाव्हानें तेथून उचललेला नाहीं. त्यानें उचलली ती चौकट. रिकाम्या मांडणीचे खण, मोटारीचा आरसा, यांच्या योगें तो पडदा विभागतो, आणि एकाच दृश्यांत चित्रकथेचें पान उभें राहतें. याला भडकपणा म्हणावयाचें कीं रचना?

बाव्हा मूळचा छायालेखक. डायाबोलिकची भुयारांतील प्रचंड गुहा पाहून प्रेक्षक थक्क होतो. तिचा बराचसा भाग कॅमेऱ्यापुढें धरलेल्या कांचेवरील चित्रांचा आहे. आतां कथेंतील एक प्रसंग आठवा. पाचूंचा हार चोरावयास गेलेला नायक पहाऱ्याच्या कॅमेऱ्यासमोर त्याच खोलीचें छायाचित्र ठेवतो, आणि पहारेकरी तें पाहत निश्चिंत बसतात. चोराची युक्ति आणि दिग्दर्शकाची युक्ति येथें एकच आहे! आपल्या कारागिरीचें रहस्य बाव्हा आपल्यासमोर उघडें करतो, आणि तरीही आपण फसतों. ज्याला भोळा समजून आपण हंसतों, तो आपल्या आधींच हंसून मोकळा झालेला असतो.

कोणी म्हणेल, चोराला नायक करून पोलिसांचे जीव घेणाऱ्या कथेचा एवढा पुरस्कार कशाला? आक्षेप रास्त आहे, आणि या कथेंत नीतीचा बोध शोधूं जाणाऱ्याच्या पदरीं कांहीं पडणार नाहीं हें आम्ही कबूल करतों. पण शेवटीं हा नायक चोरलेल्याच सोन्याच्या रसानें मढून पुतळ्यासारखा जखडला जातो, आणि त्याही स्थितींत डोळा मिचकावतो. शिक्षा आणि थट्टा एकाच चित्रांत सामावणें हें अडाण्याचें काम नव्हे.

याचा अर्थ त्या वर्गांतील सर्वच चित्रपट थोर, असा नाहीं. त्याच वर्षींचा, त्याच दिनो दे लॉरेंतीसची निर्मिति असलेला, रॉजर वादीम याचा ‘बार्बारेला’ पाहावा. त्यांतही डायाबोलिकची भूमिका करणारा जॉन फिलिप लॉ आहे. वेष व देखावे यांचीही लयलूट आहे. पण ते देखावे दुकानाच्या दर्शनी कपाटांत मांडल्यासारखे एकापुढें एक येतात. कथेला ते पुढें नेत नाहींत. हा भेद ज्याला करावयाचा आहे, त्याला दोन्ही चित्रपट डोळे उघडे ठेवून पाहावे लागतील. ‘कँप’ म्हणून दोघांनाही एकाच दावणीला बांधणाऱ्यास ते कष्ट पडत नाहींत.

‘वाईट आहे म्हणून आवडतो’ या वाक्यांत मोठी सोय आहे. आवडल्याची जबाबदारी टळते, आणि न आवडल्याचीं कारणें द्यावीं लागत नाहींत. परंतु हलक्या मानलेल्या विषयावर ज्यानें आपलें सारें कसब खर्च केलें, त्या कारागिराचा यांत अपमान होतो. चित्रपट आवडला असेल, तर तो चांगला कां आहे हें सांगावें. आणि तसें सांगतां येत नसेल, तर निदान आपलें हंसणें ही टीका आहे असें समजूं नये.