ओल्या देशाचं सामान

दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत इचलकरंजीतून मलेशिया, बाली, श्रीलंकेच्या सहली निघतात. वस्त्रोद्योग शिकलेली आपली पोरं नोकरीसाठी इंडोनेशियात, आफ्रिकेतल्या देशांत जाऊ लागली आहेत. यातले बरेचसे भरपूर पावसाचे, घनदाट जंगलांचे मुलूख. जाण्याआधी घरोघरी बॅग भरली जाते आणि बहुतेक घरांत ती चुकीची भरली जाते. दोन-तीन जाड जीन्स, दुकानातून आणलेले कोरे टी-शर्ट, छत्री, महिनाभर पुरेल एवढा चिवडा-लाडू आणि ओळखीच्या मेडिकलवाल्यानं बांधून दिलेल्या गोळ्या. तिथं पोचल्यावर पहिल्याच पावसात जीन्स भिजते, चार दिवस वाळत नाही आणि मांड्यांना चट्टे उठतात. परक्या गावात हे झालं तर समजण्यासारखं आहे. पण कापसाचं पाण्याशी काय नातं असतं, हे ज्या गावाला पोटासाठी शिकावं लागलं, तिथं हे व्हावं याचं वाईट वाटतं.

असे मुलूख आपल्याला नवे नाहीत. इचलकरंजी संस्थानाचे दोन मुख्य भाग होते. एक पंचगंगेकाठचं आपलं गाव आणि दुसरा आजरा महाल. आजऱ्याच्या पुढं आंबोली, जिथं वर्षाला सुमारे ७ हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्याकडं त्याच्या तुलनेत पाऊस अगदीच थोडा. एकाच जहागिरीचा कारभार कोरड्या पेठेतून आणि ओल्या रानातून चालत होता. संस्थानच्या कारकुनाला, शिपायाला, व्यापाऱ्याला पावसाळ्यात आजऱ्याकडं जायचं तर काय न्यायचं हे माहीत होतं. खांद्यावर घोंगडं, नाहीतर डोक्यापासून पाठीवर इरलं. बांबूच्या कामट्यांवर पानं बसवलेलं इरलं घेतलं की दोन्ही हात कामाला मोकळे राहतात. छत्रीनं ते होत नाही, आणि दाट झाडीत, वाऱ्यात छत्री उघडायलाही जागा नसते. घोंगडं भिजलं तरी ऊब देतं, कारण लोकरीच्या धाग्याच्या पोटात बरीच ओल मावते आणि अंगाला तो धागा चटकन ओला लागत नाही. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेला येणाऱ्या धनगराच्या खांद्यावरचं घोंगडं ही केवळ रीत नव्हे, ते पिढ्यांनी पारखलेलं सामान आहे.

आणखी एक शहाणपण होतं, ते म्हणजे वेळ निवडणं. मराठ्यांची फौज पावसाळ्यात छावणीला राहायची आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघायची. बाजीराव-चिमाजीअप्पांची बहीण अनुबाई इचलकरंजीकरांच्या घरात दिलेली होती. तिचे पती व्यंकटराव घोरपडे १७३९ च्या जानेवारीत गोव्यात पोर्तुगीजांवर चालून गेले आणि साष्टीत मडगावपर्यंत धडकले. त्याच वेळी चिमाजीअप्पा वसईला भिडले होते. कोकणात उतरायचं ते पाऊस ओसरल्यावर, ओढे-नाले उतरल्यावर. आज विमानाची तिकिटं स्वस्त मिळतात म्हणून ऐन पावसाच्या महिन्यांत बोर्निओला किंवा केरळला जाणारे जुन्या सेनापतींपेक्षा जास्त धाडसी आहेत असं म्हणता येणार नाही.

ज्यांना वेळही निवडता आली नाही आणि सामानही, त्यांची आठवण इथं ठेवलीच पाहिजे. १८४२ मध्ये मजुरांच्या स्थलांतरावरची बंदी उठली आणि मुंबई बंदरातूनही मॉरिशसला जहाजं जाऊ लागली. कोकणातले, विशेषतः रत्नागिरीकडचे, आणि काही घाटावरचेही मराठी शेतकरी गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, त्या बेटावर उतरले. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर त्यांची नोंद झाली, तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा आहे. या लोकांच्या बोचक्यात फारसं काही नसणार. पण गणपती, झाकडीचा नाच आणि भाषा त्यांनी नेली आणि टिकवली. मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला आजही सरकारी सुट्टी असते.

त्या बोचक्यात जे नव्हतं, त्यानं मात्र घात केला. उसासाठी मॉरिशसचं जंगल तोडलं गेलं, पाणी साचायला जागा झाल्या, जहाजांतून डास आले आणि १८६६ ते १८६८ या काळात बेटावर मलेरियाची साथ पसरली. हजारो माणसं गेली. त्या वेळी कुणालाच कारण ठाऊक नव्हतं. ताप दलदलीच्या वाईट हवेतून येतो, असं युरोपातले मोठमोठे डॉक्टर मानत होते. गोरा साहेब उष्ण देशात निघाला की पोटाला गारठा लागू नये म्हणून फ्लॅनेलचा पट्टा बांधायचा आणि उन्हासाठी डोक्यावर जाड सोला हॅट घालायचा. उकाड्यात लोकरीचा पट्टा! पण त्याच्याजवळ क्विनाईन असायचं. ते १८२० मध्ये सिंकोनाच्या सालीतून वेगळं काढलं गेलं होतं आणि त्यानंच अनेकांना वाचवलं. तापाचं कारण चुकीचं समजलं असलं तरी त्यावरचा उपाय खरा होता.

२० ऑगस्ट १८९७ ला सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू सापडला. उष्ण देशात जाणाऱ्याच्या सामानाचा इतिहास करायचा तर या तारखेआधीचा आणि नंतरचा असा करावा लागेल. हवा निर्दोष ठरली आणि मच्छरदाणी बोचक्यात पहिल्या जागी आली. पुढं हेच रॉस मलेरिया कसा रोखावा हे पाहायला मॉरिशसला गेले आणि १९०८ मध्ये त्यांनी अहवाल दिला.

एवढं कळूनही माणूस ऐकतोच असं नाही. दुसऱ्या महायुद्धात बर्माच्या जंगलात आपल्याकडची पोरं लढली. मणिपूरच्या डोंगरात, सांगशाकला, १९४४ च्या मार्चमध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या चौथ्या बटालियननं पॅराशूट ब्रिगेडच्या जोडीनं जपान्यांचा लोंढा काही दिवस थोपवून धरला, ही कामगिरी आपल्या शाळांत सांगितली जात नाही, ती सांगितली पाहिजे. त्या आघाडीचे सेनापती विल्यम स्लिम यांनी लिहून ठेवलंय की १९४३ मध्ये जखमी होऊन मागं पाठवलेल्या एका सैनिकामागं आजारानं मागं पाठवलेले १२० होते. शत्रूपेक्षा ताप, आमांश आणि कातडीचे रोग मोठे. स्लिमनी मलेरिया रोखणारी मेपाक्रिनची गोळी रोज सक्तीची केली. गोळी खरंच घेतली का हे तपासायला अचानक चाचण्या लावल्या आणि ज्या पलटणीत हयगय दिसली तिथले अधिकारी काढून टाकले. सूर्य मावळला की बाह्या खाली, अशी शिस्त लावली. गणवेशाचा रंगही खाकीवरून गर्द हिरवा झाला. साध्या गोष्टींनी आजाऱ्यांचा आकडा खाली आला.

आता कापडाकडं येऊ, कारण हा विषय आपला आहे. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीचे जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या पाठबळानं इथं पहिला यंत्रमाग बसवला. तेव्हापासून सायझिंगपासून घडीपर्यंतची कामं करणाऱ्या प्रत्येकाला पाण्याचा अनुभव आहे. नेहमीच्या हवेतसुद्धा कापूस आपल्या वजनाच्या साडेआठ टक्क्यांच्या आसपास ओल धरून असतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. म्हणून जाड सुती कापड जंगलात पाणी पीत राहतं आणि सोडत नाही. पण त्यावरून कापूस टाकाऊ ठरत नाही. दाट विणलेल्या बारीक सुताची गोष्ट वेगळी आहे. त्याचे तंतू भिजले की फुगतात आणि विणीतल्या फटी बुजवतात. दुसऱ्या महायुद्धात मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटनं याच तत्त्वावर वैमानिकांसाठी व्हेंटाइल नावाचं निव्वळ सुती कापड काढलं. व्हिएतनामच्या जंगलात अमेरिकी सैनिकांना जो गणवेश दिला गेला तो सुती पॉपलिनचा होता, पुढं फाट पसरू न देणाऱ्या विणीचा झाला. पॉपलिन! इचलकरंजीच्या पेठेत ज्याचे तागे पिढ्यान्‌पिढ्या उलगडले गेले, तेच कापड. पातळ, दाट विणीचं, सैल शिवलेलं आणि पूर्ण बाह्यांचं. डास होजिअरीच्या टी-शर्टमधून सहज चावतो, कारण त्या विणीत भोकं असतात आणि ते अंगाला चिकटून बसतं. घट्ट विणीच्या सैल सदऱ्यातून त्याला ते जमत नाही.

बुरशीही इथल्या माणसाला सांगायला नको. पावसाळ्यात गोदामात भिंतीला टेकून राहिलेला ग्रे कापडाचा तागा उघडून पाहा. घडीच्या काठाशी आधी फिकट पिवळे, मग काळपट ठिपके, आणि नाकाला ओल्या पिठाचा वास. बुरशी सुताच्या आधी त्यावरची खळ खाते. एकोणिसाव्या शतकात लँकेशायरच्या गिरण्यांनी कापडाचं वजन वाढवायला पीठ, चरबी आणि चिनी माती भरमसाट चढवली. जहाजातून हिंदुस्थान-चीनला येईपर्यंत गाठीच्या गाठी बुरशीनं खराब व्हायच्या आणि व्यापारी तक्रारी करायचे. मग बुरशी मारायला खळीत झिंक क्लोराइड घालणं सुरू झालं. आपले घोंगडी विणणारे चिंचोक्याची खळ लावतात, तेही घोंगडं वापराआधी धुवायला सांगतात. यातून प्रवाशानं एक गोष्ट घ्यावी. नवा कोरा सदरा बॅगेत टाकू नका. दोन वेळा धुऊन, खळ आणि फिनिश काढून, कडक वाळवून मग न्या. कॅमेरा, कागद, औषधं हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवा. रात्री झोपताना घालायचा एक जोड कोरडाच राहील असा वेगळ्या पिशवीत बांधा आणि कितीही मोह झाला तरी दिवसा तो घालू नका.

रानातल्या किड्यांचा धडा तर घराजवळच मिळतो. आंबोलीत जळवा लागतात, तिथली माणसं मीठ किंवा तंबाखू जवळ ठेवतात. सिंधुदुर्गात दोडामार्गकडं २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले. हा रोग गोचिडीतून येतो आणि १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात तो प्रथम ओळखला गेला. पँट मोज्यात खोचणं, संध्याकाळी अंग तपासणं, चिखलात अनवाणी न जाणं ही काळजी दोडामार्गला जितकी हवी तितकीच सुमात्राला हवी.

आफ्रिकेच्या किंवा दक्षिण अमेरिकेच्या ज्या देशांत पीतज्वर आहे तिथं जाणाऱ्यानं बॅगेआधी लस घ्यावी. ती ठरवून दिलेल्या केंद्रांतच मिळते, प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. ते नसताना तिथून परतलात तर आपलं सरकार सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतं. हा जाच नाही. पीतज्वर पसरवणारा डास आपल्याकडं आहे, फक्त तो रोग अजून आलेला नाही, आणि तो तसाच बाहेर राहावा ही आपली गरज आहे. मलेरियाची गोळी कोणती, हे देशागणिक बदलतं. ते डॉक्टरांना विचारा, शेजाऱ्याला नाही. फराळ अर्धा करा आणि त्या जागी कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी ठेवा.

शेवटी एक मागणी आहे, आणि ती यंत्रमागधारकांना, प्रोसेसवाल्यांना आणि वस्त्रोद्योग शिकवणाऱ्या डीकेटीईसारख्या संस्थेला आहे. ओल्या मुलखात जाणाऱ्या आपल्या माणसाला असा सदरा घ्यायचा तर आज परदेशी ब्रँडच्या दुकानात दामदुप्पट मोजावे लागतात. पातळ, दाट विणीची, चांगल्या लांब धाग्याच्या कापसाची, गरजेपुरतं पॉलिएस्टर मिसळलेली पॉपलिन काढायला लागणारे रेपिअर आणि एअरजेट माग गावात आहेत, शिकलेली माणसं आहेत आणि अनुभव तर शतकाहून जास्त आहे. वनखात्याचे रखवालदार, आजरा-चंदगडचे काजू बागायतदार, कोकणातले भातकरी, मॉरिशसपासून युगांडापर्यंत पसरलेली मराठी माणसं, या सगळ्यांना ते कापड हवं आहे. येत्या मोसमात निदान काही मागांवर हा नमुना लावून पाहा, आंबोलीच्या पावसात तो घालून तपासा आणि मग पेठेत आणा.