तसबिरीने खाल्लेली चित्रे : पेण-रोह्याच्या भिंतींवरचा इतिहास (थ्रेड)

१/
पेण-रोह्याच्या पट्ट्यातील जुन्या घरांच्या माजघरात आजही एखादी तसबीर आढळते. रामपंचायतन, नाना फडणवीस किंवा कमळावर उभी असलेली लक्ष्मी. कागद तपकिरी झालेला, कडेला बुरशीची नक्षी, एका कोपऱ्यात रंग थेट काचेला चिकटलेला. घरची माणसे अभिमानाने सांगतात, ‘आजोबांनी फ्रेम करून ठेवली, म्हणून टिकली.’ वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. कोकणच्या पावसाने त्या चित्राचे जेवढे नुकसान केले नसेल, तेवढे त्या फ्रेमने केले आहे.

२/
ही चित्रे क्षुल्लक नव्हेत. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने १८७८ साली पुण्यात चित्रशाळा उभी राहिली आणि देवादिकांबरोबर मराठी इतिहासातील पुरुषही छापील रंगांत घरोघरी पोहोचू लागले. राजा रविवर्म्यांचा शिळाछापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला व १८९९ च्या सुमारास लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, आणि एकच कागद त्या सर्व दगडांवरून तंतोतंत त्याच जागी दाबला जाई. ज्या घरात पूर्वी एकही चित्र नव्हते, त्या घराला या कागदाने देवाचा चेहरा दिला. मात्र कागद स्वस्त होता. त्या काळचा यंत्रनिर्मित कागद बहुधा लाकडाच्या लगद्याचा, राळ-तुरटी घातलेला, म्हणजे जन्मतःच आम्लधर्मी. त्याचा शत्रू त्याच्या पोटातच होता.

३/
मग फ्रेमवाल्याने पहिला घाव घातला तो समासावर. चौकट लहान आणि चित्र मोठे, म्हणून खालची पांढरी पट्टी कापली गेली. त्या पट्टीवर छापखान्याचे नाव, गाव आणि चित्राचे शीर्षक असे. रविवर्मा छापखान्याच्या चित्राखाली ‘कार्ला-लोणावळा’ अशी नोंद असेल, तर ते मुंबईच्या पहिल्या काळातले नाही, हे क्षणात कळते. पट्टी गेली की काळ गेला. ताम्रपटावरचा शक खरवडला तर इतिहासप्रेमी पेटून उठतील. इथे तीच गोष्ट कात्रीने झाली आणि तिला ‘नीट बसवणे’ म्हटले गेले.

४/
उरलेले काम मागच्या पुठ्ठ्याने केले. हार्डबोर्ड, प्लायवूड, जुन्या वर्तमानपत्रांची रद्दी हे सारे आम्ल सोडणारे पदार्थ चित्राच्या पाठीला लावून वर खिळे ठोकले जातात. समोर काच आणि कागद यांच्यात केसाएवढीही फट नसते. आषाढ-श्रावणात या किनारपट्टीवर हवेतील सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते. बुरशीला ६५-७० टक्के पुरेशी होतात. बाहेरची भिंत ओल धरते, ती ओल फ्रेममध्ये शिरते आणि काचेच्या आतल्या बाजूला पाणी धरते. रंग काचेला चिकटतो तो असा. जरी-टिकली लावलेल्या चित्रांची अवस्था तर आणखी वाईट, कारण काच टिकल्याच कागदात रुतवते. पेणची पापड लाटणारी बाई श्रावणात पापडाचा डबा उघडा ठेवत नाही की भिंतीला टेकवून ठेवत नाही. तिला जे कळते ते तसबीर करणाऱ्यांना कळत नाही, यावर विश्वास ठेवणे कठीण आहे.

५/
संग्रहालयात कागद बसवण्याची रीत वेगळी आहे. मागे सुती धाग्यांपासून केलेला आम्लरहित पुठ्ठा. पुढे तशाच पुठ्ठ्याची खिडकी, जिच्या जाडीमुळे काच चित्रापासून दूर राहते. चित्र चिकटवायचे नसते, टांगायचे असते : वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन पट्ट्या, गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने लावलेल्या. ही खळ पाण्याने सुटते. पन्नास वर्षांनी कोणालाही चित्र इजा न होता बाहेर काढता आले पाहिजे, ही या सगळ्यामागची अट. सेलोटेप आणि फेविकॉल त्या अटीत कधीच बसत नाहीत. लॅमिनेशन तर मुळीच नाही. उष्णतेने प्लॅस्टिक चिकटवलेला कागद पुन्हा मोकळा करणे जवळजवळ अशक्य असते, आणि तरीही मोडी कागद व जुनी चित्रे ‘सुरक्षित’ करण्याच्या नावाखाली त्यांना प्लॅस्टिकमध्ये पुरण्याचा उद्योग जोरात चालू आहे.

६/
आता समाजमाध्यमांवरची लाडकी तक्रार : ‘संग्रहालये आपला वारसा गोदामात डांबून ठेवतात, सगळे कायमस्वरूपी मांडा.’ कागदाच्या बाबतीत ही मागणी म्हणजे फाशीची शिक्षा आहे. उजेडाची झीज साठत जाते आणि भरून येत नाही. अंधारात ठेवल्याने उडालेला रंग परतत नाही. म्हणून कागदी चित्रांवर साधारण ५० लक्सपेक्षा जास्त प्रकाश पडू देत नाहीत, आणि काही महिन्यांनी ती उतरवून विश्रांतीला पाठवतात. हेन्री व्हॉन या संग्राहकाने टर्नरची ३८ जलरंगचित्रे १९०० साली एडिंबरोच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहाला दिली ती एका अटीवर : ती फक्त जानेवारीत दाखवायची, कारण तिथे तो सर्वांत मंद उजेडाचा महिना. अट आजवर पाळली गेली. ते रंग आजही ताजे आहेत.
रोह्यात धावीर महाराजांची पालखी वर्षातून एकदा, दसऱ्याच्या सुमारास निघते. उरलेले वर्षभर पालखी निघत नाही म्हणून कोणी ‘देव लपवला’ असे म्हणत नाही.

७/
‘हे श्रीमंतांचे चोचले आहेत,’ असा आक्षेप येईल. महागडी वातानुकूलित दालने गरिबाला नकोतच. तसबीर बाहेरच्या भिंतीवरून काढून आतल्या भिंतीवर नेणे, मागच्या चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावून हवा खेळती ठेवणे, समोरच्या खिडकीचे ऊन टाळणे, यांना फारसा खर्च येत नाही. चांगली छायाप्रत करून ती भिंतीवर लावावी आणि मूळ चित्र आम्लरहित कागदात, सपाट, अंधारात, जमिनीपासून उंच ठेवावे. कुंडलिकेचा पूर पाहिलेल्या गावाला ‘उंच’ या शब्दाचा अर्थ सांगावा लागू नये. काचेला चिकटलेले चित्र मात्र घरी सोडवू नये. त्यासाठी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धन केंद्र आहे.

८/
पेणला किंवा रोह्याला कधी चित्रांचे दालन उभे करायचे ठरले, तर पहिला प्रश्न ‘किती चित्रे लागतील?’ हा असतो. आराखड्यात काचेची कपाटे असतात, दिव्यांची रांग असते, उद्घाटनाची फीतही असते. कोरडी, अंधारी खोली नसते. त्या आराखड्याला जुन्या घरांतून चित्रे देण्याआधी देणाऱ्यांनी त्या खोलीचा दरवाजा कुठे आहे ते विचारावे, आणि दरवाजा दाखवता आला नाही तर तसबीर परत घरी न्यावी.