आमच्या बूथची ओळ

२३ नोव्हेंबरच्या दुपारपर्यंत गोंदिया जिल्ह्याचं चित्र स्पष्ट झालं. चारही जागा महायुतीकडे. गोंदियातून भाजपचे विनोद अग्रवाल ६१,६०८ मतांनी, तिरोड्यातून भाजपचेच विजय रहांगडाले ४२,६८६ मतांनी, आमगावातून भाजपचे संजय पुराम ३२,७२१ मतांनी आणि अर्जुनी-मोरगावातून अजित पवारांच्या राष्ट्रवादीचे राजकुमार बडोले १६,४१५ मतांनी निवडून आले. राज्यात २८८ पैकी २३० जागा महायुतीच्या तीन मोठ्या पक्षांना मिळाल्या, महाविकास आघाडीच्या तिन्ही पक्षांना मिळून ४६. अवघ्या साडेपाच महिन्यांपूर्वी भंडारा-गोंदियातून काँग्रेसचे प्रशांत पडोळे ३७,३८० मतांनी लोकसभेवर गेले होते. त्याच लोकसभा क्षेत्रातल्या सहा विधानसभा जागांपैकी आता आघाडीकडे एकटी साकोली उरली, तीही नाना पटोले यांच्याकडे फक्त २०८ मतांनी.

हे कसं घडलं यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. लाडकी बहीण, धानाचा बोनस, बंडखोर, उशिरा झालेलं जागावाटप, सगळ्यावर लिहून झालं आहे. मला आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर निकालानंतर सुरू झालेल्या दोन हिशेबांबद्दल लिहायचं आहे.

पहिला हिशेब: मुस्लिम आमदार किती? दहा. २०१९ मध्येही दहाच होते. राज्याच्या लोकसंख्येत आपण ११.५४ टक्के, विधानसभेत साडेतीन टक्क्यांच्या आत. हा आकडा गंभीर आहे आणि त्याबद्दल बोलायलाच हवं. पण तो हातात घेऊन गोंदियात काय करायचं, हे मला कुणी सांगत नाही. अख्ख्या विदर्भातून एकच मुस्लिम आमदार आहे, अकोला पश्चिमचे साजिद खान पठाण, १,२८३ मतांनी आलेले. आमच्या जिल्ह्याच्या चार जागांपैकी अर्जुनी-मोरगाव अनुसूचित जातींसाठी आणि आमगाव अनुसूचित जमातींसाठी राखीव. २०११ च्या जनगणनेप्रमाणे जिल्ह्याची लोकसंख्या सव्वातेरा लाखांच्या जवळ, त्यात मुसलमान दोन टक्क्यांच्या आसपास. म्हणजे लहान मुलांसकट आपण सारे मिळून सव्वीस-सत्तावीस हजार, आणि तेही चार मतदारसंघांत विखुरलेले. एकट्या गोंदियातलं यंदाचं मताधिक्य याच्या दुपटीहून जास्त आहे. आपण कुणाला जिंकवलं नाही, कुणाला पाडलंही नाही.

दुसरा हिशेब जास्त खोलवर जातो. तो आहे बूथचा.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो, पण मतदार यादीतलं नाव गोंदियातच ठेवलं आहे. मतदानासाठी महाराष्ट्र एक्सप्रेसने आलो आणि निकालाच्या दिवशीही घरीच होतो. संध्याकाळी मोहल्ल्यातल्या चहाच्या टपरीवर एका पक्षाचा कार्यकर्ता येऊन गेला. आवाज चढवला नाही, धमकी दिली नाही. चहा संपवता संपवता एवढंच म्हणाला, "आपके बूथ का देख लिया है, भैया ने भी देखा है." तो गेला आणि बाकड्यावरची चर्चाच बदलली. एका चाचांनी मोजायला घेतलं: समोरच्या उमेदवाराला आपल्या बूथवर इतकी मतं, मग ती दिली कुणी? आणि आपल्याला 'आपला' वाटणाऱ्याला कमी पडली, ती कुणी फोडली? दोन गल्ल्यांची नावं घेतली गेली. दोन-तीन घरांचीही.

ज्यांनी हे जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगतो. मतदान यंत्र कुणाचं नाव सांगत नाही, हे खरं आहे. पण मोजणी यंत्रागणिक होते, म्हणजेच केंद्रागणिक होते. मोजणीच्या टेबलाशी जाळीपलीकडे बसलेला प्रत्येक उमेदवाराचा प्रतिनिधी त्या-त्या केंद्राचा आकडा वहीत उतरवून घेतो. पुढे फॉर्म २० म्हणून अधिकृत तक्ता निघतो: डावीकडे मतदान केंद्राचा क्रमांक, वर उमेदवारांची नावं, आणि प्रत्येक ओळीत कुणाला किती. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर तो कुणालाही पाहता येतो. २०२४ मध्ये एका केंद्रावर जास्तीत जास्त दीड हजार मतदार असत. मिश्र वस्तीत ही ओळ काहीच उघड करत नाही. पण जिथे एक समाज दोन-चार गल्ल्यांत एकत्र राहतो, तिथे ती ओळ म्हणजे त्या मोहल्ल्याचं उघडं पाकीट. माणसाचं मत गुप्त राहतं, मोहल्ल्याचं राहत नाही.

आणि त्या ओळीचा वापर कसा होतो, याची नोंद देशात झालेली आहे. एप्रिल २०१९ मध्ये सुलतानपूरच्या सभेत मनेका गांधी मुस्लिम मतदारांना उद्देशून म्हणाल्या की तुमच्या मतांशिवाय जिंकले, तर उद्या तुम्ही कामाला आल्यावर मलाही विचार करावा लागेल. भाषेचा आशय असा होता. निवडणूक आयोगाने त्यांच्या प्रचारावर ४८ तासांची बंदी घातली. त्याच महिन्यात, ज्या गावातून जास्त मतं ते 'ए', त्याहून कमी ते 'बी', अशी गावांची प्रतवारी करण्याचंही त्या बोलल्या. आपल्याकडे २०१४ च्या लोकसभा प्रचारात बारामती तालुक्यातल्या मासाळवाडीत, मतं दिली नाहीत तर पाणी तोडू असं अजित पवार म्हणाल्याचा आरोप झाला. त्यांनी तो नाकारला. मासाळवाडीत मुसलमान मतदारांचा विषयच नव्हता. विषय गावाच्या ओळीचा होता.

यंदा तर ही ओळ राज्यभर प्रचाराचा मुद्दा झाली. लोकसभेला धुळ्यात भाजपचे सुभाष भामरे सहापैकी पाच विधानसभा क्षेत्रांत पुढे होते. एका मालेगाव मध्यने काँग्रेसच्या शोभा बच्छाव यांना सुमारे १ लाख ९४ हजारांची आघाडी दिली आणि त्या ३,८३१ मतांनी जिंकल्या. देवेंद्र फडणवीसांनी याला 'व्होट जिहाद' म्हटलं आणि विधानसभेच्या प्रचारात हा शब्द गावोगाव फिरला. एका बाजूला झुकलेली केंद्रं महाराष्ट्रात हजारो आहेत. उमेदवाराच्या स्वतःच्या गावातलं केंद्र उघडून पाहा. तिथल्या एकतर्फी मतदानाला 'गावाचं प्रेम' म्हणतात, जिल्हाभर झालं तर 'लाट' म्हणतात.

आता उमेदवारांकडे पाहू, कारण या प्रकरणातला विनोद तिथे आहे. गोंदियात गेल्या तीन विधानसभा निवडणुकांत मुख्य लढत त्याच दोन माणसांत झाली. २०१४ मध्ये काँग्रेसचे गोपालदास अग्रवाल जिंकले, भाजपचे विनोद अग्रवाल हरले. २०१९ मध्ये गोपालदासजी निवडणुकीच्या तोंडावर भाजपमध्ये गेले, तिकीट त्यांना मिळालं. विनोद अग्रवाल अपक्ष उभे राहिले आणि २७,१६९ मतांनी जिंकले. २०२४ मध्ये गोपालदासजी सप्टेंबरात काँग्रेसमध्ये परतले, विनोद अग्रवाल कमळावर लढले, आणि निकाल वर दिलाच आहे. अर्जुनी-मोरगावात बडोले हे फडणवीस सरकारातले भाजपचे माजी सामाजिक न्यायमंत्री. २०१९ मध्ये कमळावर उभे असताना राष्ट्रवादीच्या मनोहर चंद्रिकापुरे यांच्याकडून ७१८ मतांनी हरले. यंदा ऑक्टोबरात स्वतःच घड्याळ घेतलं आणि जिंकले. आमगावात काँग्रेसचे विद्यमान आमदार सहषराम कोरोटे यांना पक्षाने तिकीटच दिलं नाही.

यात बेकायदा काही नाही. माणसं पक्ष बदलतात. पण पंजाला मत द्यायची पिढीजात सवय असलेल्या एखाद्या आजीचा २०१९ मध्ये काय गोंधळ उडाला असेल, याचा विचार करा. आणि हेही बघा: ज्या उमेदवारांनी दहा वर्षांत चिन्ह दोनदा-तीनदा बदललं त्यांच्या निष्ठेचा हिशेब कुणी मागत नाही, आणि ज्या मोहल्ल्याने पत्ता कधीच बदलला नाही त्याच्या निष्ठेचा हिशेब दर पाच वर्षांनी केंद्र क्रमांकासकट मांडला जातो. तो हिशेब मांडणाऱ्यांत आपलेही लोक आहेत. मतदानाच्या दोन दिवस आधी "समाजाचा जाहीर पाठिंबा" असं पत्रक काढणारी चार-सहा मंडळी प्रत्येक शहरात असतात. त्यांना कुणी निवडलेलं नसतं. पत्रकावर सही त्यांची, फोटो त्यांचा, उमेदवाराच्या गाडीत पुढची जागाही त्यांची. आणि उमेदवार हरला तर त्याची किंमत नळाच्या पाण्यासाठी नगरपरिषदेत खेपा घालणारी बाई मोजते. मत ही अमानत आहे असं आपण जुम्म्याला ऐकतो. अमानत ज्याची त्याच्याकडे राहू द्यावी.

यावर तांत्रिक उपाय आहे, आणि तो नवा नाही. कागदी मतपत्रिकांच्या काळात, जिथे मतदारांवर दडपण येण्याची भीती आहे तिथे अनेक केंद्रांच्या मतपत्रिका मिसळून मोजण्याची सोय नियम ५९-अ मध्ये होती. यंत्रं आली आणि ती सोय गळून पडली. त्यासाठीच 'टोटलायझर' नावाचं उपकरण तयार झालं. चौदापर्यंत कंट्रोल युनिट त्याला जोडायची आणि सगळ्यांची बेरीज एकत्र वाचायची. निवडणूक आयोगाने २००८ मध्ये सरकारकडे हा प्रस्ताव पाठवला. विधी आयोगाने २०१५ च्या २५५ व्या अहवालात त्याची शिफारस केली. केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात विरोध केला. केंद्रनिहाय आकड्यांमुळे कुठे जास्त काम करायला हवं हे उमेदवारांना कळतं, असा युक्तिवाद होता. मासाळवाडीचं प्रकरण आठवून हा युक्तिवाद पुन्हा वाचावा.

माझ्या कामात हा प्रश्न रोजचा आहे. एखाद्या रुग्णालयाची किंवा बँकेची माहिती विश्लेषणाला देताना आम्ही आधी बघतो की सर्वात लहान गट केवढा आहे. गट फार लहान असेल तर नाव काढून टाकलं तरी माणूस ओळखू येतो, म्हणून तो मोठ्या गटात मिसळतात. नवा मुलगाही पहिल्या महिन्यात हे शिकतो.

इथे एक आक्षेप येतो आणि तो मी हलका मानत नाही. राज्यात सध्या यंत्रांवर संशय आहे. २० नोव्हेंबरला संध्याकाळी पाचपर्यंत ५८.२२ टक्के असलेलं मतदान अंतिम आकड्यात ६६ च्या वर कसं गेलं, असं लोक विचारतात. सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीच्या गावकऱ्यांनी तर मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घेऊन पाहायचं ठरवलं, प्रशासनाने ते होऊ दिलं नाही. त्यांना जे तपासायचं होतं ते गावाच्या त्या ओळीमुळेच. ओळी मिसळल्या तर असा ताळा कसा घ्यायचा?

दोन्ही गोष्टी साधता येतात, थोडं खर्चिक आहे इतकंच. मतदान संपल्यावर केंद्रावरच्या प्रतिनिधीला फॉर्म १७-सी ची प्रत मिळते, त्यावर त्या यंत्रात एकूण किती मतं पडली हे लिहिलेलं असतं. हा एकूण आकडा केंद्रागणिक जाहीर होऊ द्या, त्याने कुणाचं गुपित फुटत नाही. कुणाला किती, हे मात्र चौदा यंत्रांच्या गटागणिक सांगा, आणि व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्यांची पडताळणी गटागणिक करा. आज प्रत्येक विधानसभा क्षेत्रात पाचच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजतात; त्या वाढवायच्या तर वाढवा. भंडारा-गोंदियाला हे नवीन नाही. मे २०१८ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत यंत्रं बिघडल्याने ४९ केंद्रांवर फेरमतदान झालं होतं. कागद मागायची सवय इथल्या लोकांना तेव्हापासून असायला हवी होती. आपल्या किती तरुणांनी आजवर बूथवर प्रतिनिधी म्हणून बसून १७-सी हातात घेतला आहे? मी ज्यांना विचारलं त्यातल्या बहुतेकांनी फॉर्मचं नावच पहिल्यांदा ऐकलं.

ही मागणी मुसलमानांची म्हणून मांडू नये, कारण ती तशी नाहीच. अर्जुनी-मोरगाव आणि आमगावच्या जंगलपट्ट्यात मतदान दुपारी तीनलाच संपतं, आणि तिथे काही शे मतदारांची केंद्रं आहेत. एका गोंडी टोल्याचं केंद्र, एका बौद्ध वस्तीचं केंद्र: त्यांची ओळ आमच्या ओळीपेक्षा जास्त उघडी. मासाळवाडीचीही. एकत्र बसून एकच निवेदन निवडणूक आयोगाला द्यायला काहीच अडचण नाही.

आणि २०२४ च्या निकालानंतर घाई होती. गोंदिया आणि तिरोडा नगरपरिषदांची मुदत संपून तेव्हा पावणेतीन वर्षं झाली होती, दोन्हीकडे प्रशासक होता. इतर मागासवर्गीय आरक्षणाच्या खटल्यामुळे या निवडणुका तेव्हा अडकल्या होत्या. तिथे प्रभाग काही हजार मतदारांचा, फरक कधी कधी वीस-पंचवीस मतांचा, आणि उमेदवार प्रत्येक घर नावानिशी ओळखणारा. विधानसभेला जी ओळ आमदाराच्या कार्यालयात वाचली जाते, ती नगरपरिषदेला नालीच्या कडेला उभं राहून वाचली जाते.

अशा निवडणुकीआधी करण्यासारखी कामं लहान आहेत. प्रभागाची मतदार यादी आली की घराघरांत वाचून दाखवायची. मेलेल्यांची आणि सासरी गेलेल्या मुलींची नावं कापायला, अठराच्या पोरा-पोरींची चढवायला फॉर्म भरायचे. प्रत्येक केंद्रासाठी, कोणत्याही पक्षाचा का असेना, एक प्रतिनिधी आपल्या मोहल्ल्यातून बसेल असं पाहायचं आणि १७-सी घेतल्याशिवाय तो उठणार नाही हे त्याला पढवून ठेवायचं. सगळ्या उमेदवारांना एकाच सभेत बोलवायचं, पाणी, नाली, उर्दू शाळेची इमारत आणि कचरा यावर लेखी उत्तर मागायचं. पाठिंब्याचं पत्रक मात्र काढायचं नाही. कुणी सहीसाठी घरी आलं तर चहा द्या, सही देऊ नका.